मध्यंतरानंतरची मॅच

“‘सांगते’ म्हण. ‘सांगतो’ नाही,” मनवा मॅडम माझ्या कॉलरला माईक अडकवत म्हणाल्या. “काल तू तीनदा म्हणालीस, ‘मंडळी, मी सांगतो तुम्हाला!’ पुण्याच्या ऑफिसात विचारत होते, मुलीच्या आवाजाचा मुलगा कुठून आणलास.”

“आमच्यात असंच बोलतात मॅडम. मी येतो, मी जातो. माझी आई भांडताना पण ‘मी माहेरला जातो’ म्हणती.”

“जाते का?”

“न्हाई. माहेर पुढच्याच गल्लीत हाय.”

कॅमेऱ्यामागं इरफानदादा फिसकन हसला. मॅडमही हसल्या, पण बोट नाचवून म्हणाल्या, “अॅपवर ‘सांगते’. आज फायनल आहे, कादंबरी.”

फायनल आहे हे मला सांगायची गरज नव्हती. आदल्या रात्री मी जेवतानासुद्धा समालोचन करत होते. ‘आणि बाबांची भाकरीवर चढाई, आमटीत बोनस!’ असं काहीबाही. आता मी दहावीत आहे आणि वक्तृत्वाच्या चार ढाली घरात आहेत, म्हणून माझ्या बोलण्याचं कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा मी आठवीत होते, आणि आपल्याला आवाज आहे हे मला नुकतंच कळलं होतं. आवाज आहे हे नुकतंच कळलेलं माणूस कसं असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. त्याला गप्प बसवायला दोन माणसं लागतात.

आमच्या हिरण्यकेशीच्या खोऱ्यात सहा कॉलेजं. त्यांची कबड्डीची लीग, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. मुलींच्यात आमच्या कॉलेजची कॅप्टन माझी सख्खी बहीण, स्वरूपा. मी तिला आक्का म्हणते. आधी इरफानदादा मुल्लाणी आपला फोन स्टुलावर ठेवून सगळे सामने फुकट लाइव्ह दाखवायचा, आणि मी शेजारी बसून बडबडायचे. मग त्या वर्षी पुण्याचं ‘खेळखिडकी’ नावाचं अॅप आलं. त्यांनी सगळी लीग विकत घेतली, म्हणजे दाखवायचे हक्क घेतले. त्या पैशातून आमच्या कॉलेजच्या हॉलात निळी-पिवळी मॅट आली. मुली आधी दुधाच्या टेंपोतून मॅचला जायच्या, आता बस आली. पाठीवर नाव छापलेल्या जर्स्या आल्या. पहिल्या दिवशी आक्का जर्सी घालूनच झोपली. इरफानदादाला पगारी कॅमेरामन केलं, आणि मला वाटलं होतं हाकलतील, तर अॅपच्या मनवा मॅडम म्हणाल्या, “हिला ठेवा. हिच्यामुळे झोप येत नाही.”

बदल्यात एकच होतं. आता सामने फुकट नाहीत. स्टँडवर, दूधडेअरीवर, तालमीवर पोस्टरं लागली: ‘वर्गणी भरा, घरबसल्या थरार बघा!’ प्रत्येक मॅचच्या शेवटी मीही ठरवून दिल्याप्रमाणे ओरडायचे, “आणि हो, वर्गणी भरली नसेल तर आजच भरा!”

मॅडमनी एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच आक्काच्या टीमला समोर बसवून सांगितली होती. मुलांचे सामने अॅप दाखवणारच. मुलींचे एक वर्ष दाखवून बघणार. किती फोनांवर सामना उघडला जातो ते रोज पुण्याला कळतं. आकडा चांगला आला तर पुढची दोन वर्षं मुलींची लीग पक्की. नाही आला तर फक्त मुलांची.

आक्का तेव्हा म्हणाली होती, “मॅडम, एवढंच ना? बिनघोर राहा.”

कारण आमच्या करंबेवाडीत आक्काची एकेक चढाई लोकांना पाठ होती. सकाळी डेअरीत दूध घालायला गेलं की म्हशीच्या फॅटआधी मॅचचा विषय. “काल तुझा उजवा पाय उशिरा फिरला गं स्वरूपा,” हे तिला सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

तर फायनल. आम्ही विरुद्ध आजऱ्याच्या मुली. हॉल लहान, म्हणून आत फक्त खेळाडू, पंच, पाहुणे. बाकीच्यांनी अॅपवर बघायचं. आजऱ्याची कॅप्टन निकिता गावडे. नाकात चमकी, मांड्या म्हणजे सागाचे वासे. तिनं सुरुवातीलाच आक्काचा पाय असा धरला की माझाच पाय दुखला. मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागं.

मध्यंतरात मॅडम फोन कानाला लावून बाहेर गेल्या. मी पाणी प्यायले, कॉलर सरळ केली आणि दुसरा डाव सुरू होताच सुटले.

काय मॅच झाली ती! आक्कानं एका चढाईत दोघींना शिवून वर बोनस घेतला. निकितानं उलट लोण चढवला. आमची एक लहानशी पोरगी, उजव्या कोपऱ्यातली, तिनं निकिताच्या कमरेला अशी मिठी मारली की दोघी लोळत रेषेबाहेर जाहिरातीच्या फळीवर. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. शेवटची चढाई आक्काची. ती गेली, हात पुढं, चौघींनी गराडा घातला, आणि मला वाटलं संपलं. तेवढ्यात ती खाली बसली. चढाई करताना कुणी खाली बसतं का? आजऱ्याच्या मुलींचे हात तिच्या डोक्यावरून एकमेकींना लागले, आणि आक्का एकीच्या पायाला शिवून बेडकासारखी उडी मारून मध्यरेषेवर. बोटाचं टोक. एक गुण. शिट्टी!

“मंडळी, मी सांगतो तुम्हाला, असली चढाई ह्या खोऱ्यानं बघितली नव्हती!” मी खुर्चीवर उभी राहून किंचाळले. “आज बघितली! आख्ख्या खोऱ्यानं बघितली!”

“कादे,” इरफानदादा म्हणाला. “खाली उतर.”

“थांब की, वर्गणीचं सांगायचं राहिलंय.”

“उतर म्हणतोय न्हवं.”

मी वळून बघितलं. तो कॅमेऱ्यामागं नव्हताच. बाजूला बाकावर बसला होता, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण होतं.

“झाकण लागलंय दादा!”

“मीच लावलंय. मध्यंतरापासनं बंद हाय. पुण्याहून फोन आला, पोरांच्या फायनलच्या आधीचा कार्यक्रम लावा म्हणून.” तो माझ्याकडं न बघता बोलला. “रेकॉर्ड पण करू नको म्हणाले. तुला हात केला मी, पण तू कुठं बघालीस.”

मला आधी ते खरंच वाटलं नाही. मी कॉलरचा माईक काढून ‘हॅलो, हॅलो’ केलं. हॉलात टाळ्या वाजवणारी माणसं म्हणजे दोन्ही टीमच्या राखीव मुली, चार प्राध्यापक आणि चहावाला. प्राचार्यांनी घाईघाईत आक्काच्या हातात कप दिला, कारण मुलांच्या फायनलसाठी मॅट पुसायची होती. फोटो काढायलाही कुणी नव्हतं. फोन दारातच जमा केलेले.

मनवा मॅडम दारात उभ्या होत्या. डोळे लाल.

“का बंद केलं?” आक्का घामानं निथळत, कप काखेत धरून त्यांच्यापुढं गेली. “फायनल होती मॅडम. संपू तरी द्यायची.”

“मी भांडले गं. मध्यंतरापर्यंत तरी दाखवा म्हणून मीच भांडले. ते सुरुवातीपासूनच नको म्हणत होते.”

“का पण?”

“आकडा बघून.” मॅडमनी हातातल्या फोनवर बोट ठेवलं. “तुमची मॅच अकरा जण बघत होते.”

“अकरा हजार?” मी विचारलं.

“अकरा.”

मी हसले. देवाशप्पथ, मला हसू आलं. “मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय. आमच्या एकट्या करंबेवाडीत…”

“करंबेवाडीत एक,” मॅडम म्हणाल्या. “मी गावानुसार बघितलंय. करंबेवाडीत संपूर्ण सीझनमध्ये एक वर्गणी आहे. शेजारच्या गावांतही एकेकच. मुलांच्या सामन्यांना निदान कोल्हापूर, सांगली, पुण्याचे फोन असतात. तुम्हाला हे अकरा.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. मला गावातली एकेक तोंडं आठवायला लागली. म्हणजे ती सगळी खोटं बोलत होती? ‘तुझा उजवा पाय उशिरा फिरला’ म्हणणारी पारूआत्ती खोटं बोलत होती? न बघता?

तेवढ्यात आक्काच्या पिशवीतला फोन वाजला. तिची पिशवी आणि फोन दारातून मी नुकताच सोडवून आणला होता. सिद्रामतात्या. आमच्या तालीम मंडळाचे अध्यक्ष, वय पासष्ट, आवाज माझ्याहून मोठा.

“कादे! काय चाललंय तिथं? मध्यंतर झालं आणि ही कसली टाय लावलेली माणसं बोलाल्यात? आमची मॅच कुठं गेली?”

“तात्या, तुम्ही बघत होता?”

“मग काय झोपलो होतो? आख्खं गाव तालमीत बसलंय. पडद्यावर लावलंय. वर्गणी भरलीय आम्ही, फुकट न्हाई बघत!”

मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडम जवळ आल्या.

“तात्या, कुणी कुणी भरलीय वर्गणी?”

“कुणी भरलीय म्हणजे? घरटी भरलीय. गणपतीला टाळाटाळ करणाऱ्या संभाजी चौगल्यानं सुद्धा न मागता आणून दिली. पावत्या फाडल्यात मी स्वतः.”

“आणि मग त्या पैशाचं काय केलं?”

“काय केलं म्हणजे? मंडळाची वर्गणी भरली की त्या अॅपला. उरलेल्यातनं पडदा आणला. भाड्याचा न्हवं, इकतचा.”

“किती फोनांवर भरली?”

“फोन कशाला किती लागतोय? एकच. माझ्या नातवाचा.”

मी मॅडमच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. माझंही असावं.

वर्गणी. आमच्याकडं वर्गणी कुणी एकटा भरतो का? वर्गणी म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायची आणि सगळ्यांनी मिळून एक काहीतरी आणायचं. एक मूर्ती, एक मांडव, एक भोंगा. घरटी एकेक गणपती मांडवात आणून बसवला तर लोक वेड्यात काढतील. पोस्टरवर ‘वर्गणी भरा’ वाचलं आणि गावांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं, आणि ते इतक्या मनापासून केलं की चौगल्यासुद्धा सुटला नाही. शेजारच्या गावांनी आमचं बघून तेच केलं.

“मॅडम,” आक्का हळूच म्हणाली, “मग अकरा न्हाईत ना आम्ही?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण माझ्याकडे अकराच आहात.”

“तात्या बोलले ते पुण्याला सांगा की!”

“काय सांगू? फोनमागे किती माणसं बसली होती ते मोजता येत नाही, स्वरूपा. त्यांनी आज दुपारीच ठरवलं. पुढच्या वर्षी फक्त मुलं.”

“मग मुलींचं आम्ही दाखवतो,” मी मध्ये घुसले. “इरफानदादाच्या फोनवर. पहिल्यासारखं. फुकट.”

मॅडमनी मान हलवली. “हक्क तीन वर्षांसाठी आमच्याकडे आहेत. मुलींचेसुद्धा.”

“पण तुम्ही तर दाखवणार न्हाई!”

“नाही.”

“आणि आम्ही?”

“तुम्हालाही दाखवता येणार नाही.”

“मग कोण दाखवणार?”

मॅडम गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. कॉलेज काय करणार हे आम्हाला विचारायची गरज नव्हती. प्राचार्य मागं उभे होते, ते म्हणाले, “जे दिसतच नाही त्याला बस आणि जर्सी कुठून आणू, बाळ?” ते वाईट माणूस नाहीत. ते खरंच विचारत होते.

हॉलात मुलांचे कॅप्टन आले, दिवे लागले, कॅमेऱ्याचं झाकण निघालं. आम्ही बाहेर आलो तर आजऱ्याच्या मुली पायरीवर बसून वडापाव खात होत्या. आणि कॉलेजच्या फाटकातून धूळ आत येत होती.

आधी वाटलं मुलांच्या फायनलचे पाहुणे. मग पुढच्या टेंपोवर आमच्या तालमीचा भोंगा दिसला. मागं दोन ट्रॉल्या, त्यामागं मोटरसायकली. एकेकीवर तिघं. बायका ट्रॉलीतून उतरत होत्या, पदर खोचत. सिद्रामतात्या टेंपोच्या टपावरून ओरडले, “उरलेली मॅच कुठं हाय?”

“तात्या, संपली,” आक्का म्हणाली.

“आमची न्हाई संपली! आम्ही मध्यंतरापर्यंतच बघितलीय. पुढचं दाखवा.”

“रेकॉर्ड झालं नाही हो,” मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही अॅपवाल्या बाई? बघा, वर्गणी तुमच्याकडं हाय आणि निम्मी मॅच तुमच्याकडंच हाय. हे बरोबर न्हवं.”

माणसं येतच होती. मॅडम त्या माणसांकडं बघत मागं सरकत गेल्या आणि भिंतीला टेकल्या. पारूआत्ती कंबर धरत पुढं आली. “ए पोरी, पाय बरोबर फिरला का न्हाई ते तरी सांग.”

आक्का निकिताजवळ गेली. “मध्यंतरापासनं परत खेळणार काय? मागं मातीचं मैदान हाय.”

निकितानं वडापावचा घास गिळला. “आम्ही हरलोय, आणि तू आम्हाला परत खेळा म्हणालीस? न्हाई म्हणायला मी काय येडी हाय?”

पंचसर म्हणाले, “हे अधिकृत नाही हं.”

“नसू दे,” दोघी एकदम म्हणाल्या.

फक्की मारून रेषा आखल्या. आतला कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून आलेल्या इरफानदादानं सवयीनं खिशातून फोन काढला. मॅडमनी नुसतं त्याच्याकडं बघितलं, त्यानं परत खिशात घातला. पण त्या स्वतः बूट काढून पहिल्या रांगेत मातीत बसल्या, बायकांच्यात. कुणीतरी त्यांना शेंगा दिल्या.

मी टेंपोवर चढून भोंग्याचा माईक हातात घेतला. गुण सांगितले: आपण दोननं मागं, दुसरा डाव, सुरू!

आणि तिथंच मला पहिली चुटपुट लागली. आमच्या मुली वर्षभर मॅटवर खेळलेल्या. मॅटवर पाय घट्ट बसतो. आजऱ्याला मॅट मिळाली होती ती सीझनच्या शेवटी, त्या मातीतच वाढलेल्या. आक्कानं बूट काढले, पण पायाला मातीची सवय राहिली नव्हती. पहिल्याच चढाईत घसरली. दुसरीत गुण आणला, आणि गाव असं ओरडलं की हॉलातून मुलांच्या मॅचचे पाहुणे खिडक्यांना येऊन चिकटले. मग ते मागच्या दारानं बाहेरच आले. आमची उजव्या कोपऱ्यातली पोरगी निकिताच्या कमरेला झोंबली तशीच, पण ह्या वेळी निकिता तिला पाठीवर घेऊन रेषेपर्यंत चालत गेली. शेवटची चढाई परत आक्काचीच आली. परत गराडा. ती परत खाली बसली.

पण निकितानं ते एकदा बघितलं होतं. ती वाकूनच उभी होती.

धूळ बसली तेव्हा आक्का तिच्याखाली होती.

गाव टाळ्या वाजवायला लागलं. हरलेल्यांसाठी, जिंकलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. “काय खेळली गं पोर! दोन गुणांत गेली.” पारूआत्ती म्हणाली, “पाय आज बरोबर फिरला. माती वाईट.” लोक आजऱ्याच्या मुलींना उचलून घ्यायला लागले.

आत कोण जिंकलं ते गावाला कुणी सांगितलंच नव्हतं; मी भोंग्यावर सांगणार होते. तोंड उघडलंच होतं, ‘मंडळी, खरं तर आत हॉलात…’

तेवढ्यात आक्का टेंपोपाशी आली, तिनं पिशवीतून कप काढला, गर्दीतून सरळ चालत गेली आणि निकिताच्या हातात दिला.

“हे काय?” निकिता खरोखर दचकली. “तुमचा हाय. निकाल लागलाय.”

“घे गं.”

“स्वरूपा, खुळी हायस काय? वर्षानं परत…” आणि मग तिला आठवलं की वर्षानं परत काही नाही. मॅडमनी तिलाही सांगितलं होतं. तिनं कप छातीशी धरला आणि रडायला लागली. लोकांना वाटलं, आनंदानं.

मी भोंगा बंद केला.

परत येताना टेंपोत सगळे मॅचवरच बोलत होते. शेवटची पकड, माती, दोन गुण. आक्का फळकुटाला टेकून बसली होती, ढोपर सोललेलं. मी तिच्या कानाला लागून, रडायच्या बेतात, म्हणाले, “का दिलास? आपण जिंकलो होतो की आक्का.”

“कधी?” ती म्हणाली.

मला वाटलं चिडून म्हणतीय. पण ती माझ्याकडंच बघत होती, आणि खरंच विचारत होती. मी टेंपोतल्या माणसांकडं बघितलं. तात्या, पारूआत्ती, चौगले, डेअरीवाले, आमची आई. त्यातल्या एकालाही मला विचारता आलं नसतं, की सांगा, कधी.